डाव्या हातावरची गांध

"निम्मं," मी म्हटलं. "लेबलवर जेवढं लिहिलंय, त्याच्या निम्मंच विष आहे तुमच्या बाटलीत."

बबनराव शेलार खुर्चीच्या कडेवर बसले होते. मांडीवर बर्फाचा डबा आणि डब्यावर दोन्ही हात. कुणी हिसकावून घेईल अशा बेतानं त्यांनी तो धरला होता.

"म्हंजी मी त्यात पानी घातलंय, असं म्हंता का म्याडम?"

"तसं मी म्हटलं नाही."

"म्हटलं न्हाई, पर झालं तसंच की ओ."

आमच्या प्रयोगशाळेत कुणाच्या तोंडाकडे बघून आकडा बदलायची पद्धत नव्हती आणि त्या वयात मला त्याचा भारी अभिमान होता.

शेलार जावळीच्या खोऱ्यातले. मधाच्या पेट्या सगळेच ठेवतात, पण ते मधमाशीचं विषही काढायचे. पेटीच्या तोंडाशी काचेची पाटी ठेवायची, तिच्यावर बारीक तारा ताणायच्या, तारांतून अगदी सौम्य वीज सोडायची. माश्या चिडतात, काचेला डंख मारतात, पण काचेत नांगी अडकत नाही, त्यामुळे मरत नाहीत. काचेवर वाळलेलं विष पात्यानं खरवडून घ्यायचं. साताऱ्याचे एक डॉक्टर ते गाळून, निर्जंतुक करून छोट्या बाटल्यांत भरत. ज्यांना मधमाशी चावली की जिवावर बेततं, अशा लोकांना तेच विष टोचायचं. आधी कणभर, मग थोडं थोडं वाढवत न्यायचं, म्हणजे शरीराला सवय होते. बाटलीत नेमकं किती विष आहे, ते सांगायचं काम आमचं.

हे नेहमीचंच काम होतं. पण या बाटल्या शेलारांच्या घरात परत जाणार होत्या. त्यांची सून सुवर्णा हिला लग्नानंतरच्या वर्षी अंगणात वाळवण घालत असताना एक मधमाशी चावली. एकच. मेढ्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत ती निळी पडली होती. वाचली, पण तेव्हापासून कऱ्हाडला माहेरीच होती. पेट्या ठेवाव्यात तर सून घरी येत नाही, सून आणावी तर पेट्या मोडाव्या लागतात, असा तो पेच. मुलगा पेट्या विकायला निघाला होता. मग साताऱ्याच्या डॉक्टरांनी तिला टोचायला सुरुवात केली. आतापर्यंत परदेशी औषध वापरलं, ते संपलं. उद्यापासून सासऱ्याच्याच पेट्यांमधलं विष सुरू व्हायचं होतं.

"डाक्टर म्हनले, पुन्याचा आकडा आना. आकडा आला की त्या हिशोबानं मात्रा देतो." शेलार डब्याकडे बघत म्हणाले. "आता निम्मं हाय म्हनल्यावर दुप्पट देतील. देऊ द्यात. अर्धवट औषध नको पोरीला. पर माझं विष निम्मं कसं निघालं, ते काय मला उमजंना."

"साताऱ्याला आकड्याचं पत्र गेलंय, आणि मी तीनदा मोजलंय," मी म्हटलं. "तिन्ही वेळेला तेच आलं."

आणि ते खरंच होतं. आमचं यंत्र म्हणजे एक बारीक, ठासून भरलेली नळी. तिच्यातून द्रव जोरानं रेटायचा. त्यातले घटक एकेक करून बाहेर पडतात आणि प्रत्येकाचं कागदावर एक शिखर उमटतं. मधमाशीच्या विषात जवळजवळ निम्मा भाग मेलिटिनचा असतो. त्याचं शिखर किती उंच आलं त्यावरून बाटलीत विष किती ते कळतं. माझी तिन्ही शिखरं अशी तंतोतंत जुळत होती की एकावर एक कागद धरला तर रेघ हलत नव्हती. तीनदा तेच उत्तर आल्यावर माणूस शंका घ्यायचं सोडतो. मीही सोडलं होतं.

तेवढ्यात बाहेरून शिंकांची माळ ऐकू आली आणि मागोमाग डॉ. बिराजदार आत आले. आमचे प्रमुख. मूळचे सोलापूरचे, आडव्या बांध्याचे, अर्ध्या बाह्या दुमडलेले. गेली दोन वर्षं त्यांना सारखं सर्दी-पडसं असायचं. विषाची पूड तोलायला बसले की डोळे पाणावून लाल व्हायचे. ते पुण्याच्या धुळीला शिव्या घालायचे आणि आम्ही मान डोलवायचो.

"काय म्हणतायत शेलार?" त्यांनी रुमालानं नाक पुसत विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला, शिखरं पाहिली, कागद परत दिला. मग डबा उघडून एक बाटली उजेडात धरली.

"चव कशी होती?" त्यांनी एकदम विचारलं.

शेलार चपापले. "जिभंला मुंग्या आल्या. खरवडताना लागलं व्हतं जरासं बोटाला. दर वर्साला येतात तशाच."

"निम्म्या नव्हे?"

"न्हाई. चांगल्याच आल्या."

"सर, मुंग्या काही मोजता येत नाहीत," मी म्हटलं.

"येत नाहीत, बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "गांध मात्र मोजता येते की. फ्रीजमधून आपली विरळ केलेल्या विषाची नळी आण. जिच्यातलं यंत्रात घातलंस तीच आण, दुसरी नको."

मला राग आला. बिराजदार सरांची ही जुनी खोड सगळ्या प्रयोगशाळेला माहीत होती. नवा माल आला की ते त्याचा थेंब डाव्या हाताच्या कातडीखाली घालायचे, पाव तास थांबायचे आणि उठलेल्या गांधीभोवती, त्या फुगवट्याभोवती, बॉलपेननं गोल काढायचे. मग त्यावर चिकटपट्टी दाबून तो गोल कागदावर उतरवून घ्यायचे. तरुणपणी यंत्र नव्हतं तेव्हा हेच यंत्र होतं. शेकडो माश्या चावलेला माणूस, आपल्याला काय होणार, असा त्यांचा खाक्या. पण आज, गिऱ्हाइकासमोर, माझा आकडा बाजूला ठेवून हात पुढे करणं म्हणजे माझ्यावर अविश्वासच. मी नळी आणून आदळलीच टेबलावर.

काचेची नळी. आमच्याकडे सगळं काचेचंच असायचं, आणि तो नियमही सरांचाच. प्लास्टिक भाजी आणायला ठीक, असं ते म्हणत. विष विरळ करायचं ते काचेत, साध्या मिठाच्या शुद्ध पाण्यात. काच आम्लानं धुवायची, मग पाण्यानं, मग पुन्हा पाण्यानं. त्या धुण्याची माझ्या हाताला इतकी सवय झाली होती की घरचे पेलेसुद्धा मी तसेच विसळायचे.

"डॉक्टरांचं पाणी आणलंय का, शेलार? ते ज्यात विष मिसळतात ते?"

शेलारांनी डब्यातून एक छोटी पिशवी काढली. त्या पाण्यात रक्तातल्या प्रथिनाचा थोडा अंश असतो, एवढं मला माहीत होतं. ते कशासाठी घालतात, याचा मी कधी विचार केला नव्हता. सरांनी शेलारांच्या बाटलीतून विष काढलं आणि डॉक्टरांचं पाणी घालून प्लास्टिकच्या सिरिंजमध्येच ते माझ्या नळीइतकं विरळ केलं. मग डाव्या हाताच्या मध्यावर दोन ठिकाणी, चार बोटांच्या अंतरानं, सुई कातडीखाली घातली. कोपराकडे माझ्या नळीतला थेंब, मनगटाकडे त्यांनी स्वतः केलेला.

"दोन्हींत विष सारखंच हवं," ते म्हणाले. "बाटली एक, पातळ केलं तेही सारखंच. मग गांधसुद्धा सारखी उठली पाहिजे. चहा सांग की."

चहा आला. शेलार बशीत ओतून प्यायले. सर त्यांना सुवर्णाबद्दल विचारत होते.

"पोर कशी आहे?"

"फोनवर रडती. म्हनती, मामा, मला अंगनातल्या तुळशीला पानी घालायचंय, येवढंच. इकडं माझा पोरगा म्हनतो, पेट्या जाळून टाका." शेलारांनी बशी खाली ठेवली. "माझ्या बापानं डोंगरातनं पोळी आनून पेट्या भरल्या व्हत्या. जाळू कशा?"

"जाळू नका. उद्या टोचतील तिला." सरांनी हात खाजवला. मग तळहात खाजवला. मला वाटलं, सुई लागलीय म्हणून.

मी घड्याळाकडे नाही, सरांच्या हाताकडे बघत होते. कोपराजवळ मसुरीच्या डाळीएवढा फुगवटा उठला होता. मनगटाजवळ मात्र कातडी वर येतच चालली होती. पांढुरकी, कडेनं लाल, आधी चार आण्याएवढी, मग रुपयाएवढी आणि मग रुपयालाही मागे टाकून पसरत चाललेली.

सरांनी बॉलपेन काढलं. आधी लहान गांधीभोवती गोल काढला. मग मोठीभोवती. दुसरा गोल नीट जुळेना. तरी त्यांनी तो पुरा केला.

"कालिंदी," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही. खरखरीत, बसलेला. "बाटलीत विष पुरेपूर आहे. तुझ्या नळीत ते नाही. नळीत घातल्यावर गेलं कुठं..."

एवढं बोलून ते उठायला गेले आणि उठलेच नाहीत. खुर्चीसकट आडवे झाले. पेला फुटला.

मी काय केलं, ते सांगायला मला आजही लाज नाही वाटत, आश्चर्य वाटतं. मी नुसती उभी राहिले. मधमाशीच्या विषानं माणूस कसा मरतो, यावर मी पानंच्या पानं वाचली होती. ओठ सुजतात, घसा आवळतो, रक्तदाब कोसळतो. समोर ओठ सुजत होते, मानेवर लाल चट्टे चढत होते, छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता, आणि माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं: हे सरांना होऊच शकत नाही. ते तर सर आहेत.

"म्याडम!" शेलार खाली बसले होते. त्यांनी सरांचे पाय उचलून खुर्चीवर ठेवले. "इंजेक्शन हाय का हितं? अशीच झाल्ती सुवर्णा. अशीच."

मग माझे पाय सुटले. ॲड्रेनलिनची कुपी फ्रीजच्या दारात होती. ती तिथे ठेवायचा नियमही सरांचाच, आणि ती कधीच कुणाला लागली नव्हती. कुपीची मान मोडताना माझं बोट कापलं. सिरिंज भरली, पण टोचायचं कुठं ते आठवेना.

"मांडीत," शेलार म्हणाले. "प्यांटीवरनंच मारा. सुवर्णाला मांडीतच दिल्तं."

मी मारलं. माणसाच्या अंगात सुई घालण्याची माझ्या आयुष्यातली ती पहिली वेळ. मग आम्ही दोघांनी आणि धावत आलेल्या शिपायानं सरांना उचलून शेलारांच्या जीपमध्ये घातलं. मी मागे त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले. रस्त्यात ते एकदा माझ्याकडे बघत होते, पण मी त्यांना दिसत होते का, कोण जाणे. त्यांचा डावा हात माझ्या मांडीवर पडला होता. त्यावर दोन निळे गोल. एकात मसूर, दुसऱ्यातली गांध तर आता रेघ ओलांडून बाहेर पसरली होती. मी दवाखाना येईपर्यंत त्या दोन गोलांकडे बघत राहिले. माझी तीन तंतोतंत शिखरं मला आठवली.

मग एकदम लख्ख कळलं. विष काचेला चिकटत होतं.

मेलिटिनचा स्वभावच चिकट. विरळ पाण्यात सोडलं की ते काचेच्या भिंतीला जाऊन बसतं. काच जितकी स्वच्छ तितकं जास्त. डॉक्टरांच्या पाण्यातलं प्रथिन आधी भिंतीवर बसून जागा अडवतं, म्हणून विष पाण्यात राहतं. आम्ही काच आम्लानं घासून, धुऊन, लख्ख करून त्या विषाला बसायला जागा करून देत होतो, आणि मग उरलेलं मोजत होतो. तीनदा एकसारखं. चूकसुद्धा इतक्या शिस्तीनं केली की तिच्यावर कुणाला शंका येऊ नये.

आणि त्या आकड्यावरून उद्या साताऱ्यात सुवर्णाला दुप्पट विष टोचलं जाणार होतं.

मी जीप चालवणाऱ्या शेलारांच्या पाठीकडे बघितलं. त्यांना काहीच माहीत नव्हतं. ते हॉर्न वाजवत, रिक्षांना शिव्या देत, माझ्या साहेबाला वाचवायला गाडी पळवत होते.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. सर शुद्धीवर आल्यावर त्यांनी मला बाहेर बोलावलं.

"यांना आधी कधी त्रास झालेला?"

"कधीच नाही. शेकडो माश्या चावल्यात."

"शिंका? डोळ्यांना पाणी? काम करताना?"

पूड तोलताना लाल होणारे सरांचे डोळे मला आठवले.

"विषाची कोरडी पूड हुंगून हुंगून ही ॲलर्जी होते. मधपाळांच्या घरच्यांनाही होते. तुम्ही तर हेच काम करता ना?"

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. विषाच्या ॲलर्जीवर देशभर आकडे पाठवणारी प्रयोगशाळा, आणि आमचाच प्रमुख दोन वर्षं आमच्यासमोर शिंकत होता. आम्ही त्याला सुंठीचा काढा सुचवत होतो.

"आणि तुम्ही?" त्यांनी विचारलं. "तुम्हाला शिंका येतात?"

"नाही," मी म्हटलं. त्या क्षणी माझं नाक खाजायला लागलं होतं, पण ते भीतीनं असावं.

तिथून मी थेट खालच्या बूथवर जाऊन साताऱ्याला फोन लावला. आमचा आकडा धरू नका, लेबलवरचाच धरा, आणि आमचं दुसरं पत्र येईपर्यंत काहीच टोचू नका. पलीकडच्या डॉक्टरांनी विचारलं, "चूक कशात झाली?" मी म्हटलं, "काचेत." त्यांना ते समजलं नसावं. फोन ठेवल्यावर मी जिन्यात बसून रडले. शेलार शेजारी येऊन बसले.

"साहेब बरं हायत ना?"

"बरे आहेत." मग मी त्यांना सगळं सांगितलं. दुप्पट मात्रेचंही. ते ऐकत राहिले. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि तोंडावर दाबून धरली. त्यांचे खांदे हलत होते.

संध्याकाळी सरांना भेटायला आत सोडलं. चेहरा सुजून बटाट्यासारखा झाला होता. मी काही म्हणायच्या आत त्यांनीच विचारलं, "साताऱ्याला कळवलंस?"

"कळवलं."

"चिकटपट्टी लावलीस?"

मला आधी समजलंच नाही. मग त्यांनी डावा हात पुढे केला. नर्सनं तो स्पिरिटनं पुसला होता. निळ्या शाईचा फक्त अंधुक डाग उरला होता.

"गोल पुसून गेले," ते म्हणाले. "घेऊन ठेवायला पाहिजे होते बघ."

"सर, हात दाखवून अवलक्षण करायची काय गरज होती?" मी चिडून म्हटलं. डोळे भरून आले होते, म्हणून जास्तच चिडले होते. "माझ्या आकड्यावर शंका होती तर तसं सांगायचं. मी चौथ्यांदा मोजलं असतं."

"चौथ्यांदाही तेच आलं असतं. तुझ्यावर शंका नव्हती गं." त्यांनी छताकडे बघितलं. "माझ्या काचेवर आली होती. त्या प्रथिनाबद्दल मागे कुठंतरी वाचलं होतं मी. वाचलं आणि पान उलटलं. काच चुकते म्हणायचं म्हणजे मी आजवर केलेल्या सह्या... आधी स्वतःची खात्री करावी म्हटलं. मग तुला सांगावं."

मी त्यांच्या पायांवर चादर ओढली. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मी प्लास्टिकच्या नळ्या मागवल्या, त्यात प्रथिनाचं पाणी घातलं, आणि शेलारांच्या विषाचं शिखर लेबलवर लिहिल्याइतकं उंच आलं. जुनी पत्रं काढून ज्यांना ज्यांना विरळ द्रवाचे आकडे पाठवले होते, त्या सगळ्यांना कळवलं. त्या पत्रांवर सरांनी घरून सह्या केल्या. प्रयोगशाळेत ते पुन्हा आले नाहीत. डॉक्टरांनी सक्त मनाई केली होती. त्या इमारतीच्या हवेतसुद्धा विषाची पूड असते, आणि पुढच्या वेळी सुई पोचायला उशीर झाला तर, असं त्या तरुण डॉक्टरीणबाईंनी त्यांना तोंडावर सांगितलं होतं.

पुढच्या दिवाळीच्या सुमारास शेलार आले. बरोबर एक सडपातळ मुलगी, हिरव्या साडीतली, हातात मधाची बाटली. म्हणाली, "साहेबांना द्यायचाय." मी फोन केला, तर सर म्हणाले, फाटकापाशी येतो. आले. कोथरूडहून रिक्षानं आले आणि फाटकाच्या बाहेर, रस्त्याच्या पलीकडच्या कडेला उभे राहिले. त्याच्या अलीकडे यायची त्यांना बंदी होती. आम्ही तिघं रस्ता ओलांडून गेलो.

सुवर्णा वाकून त्यांच्या पाया पडली.

"घरी राहतेस ना?" सरांनी विचारलं.

"हो. गुढीपाडव्यापासनं."

"चावली का एखादी?"

"दोनदा. एकदा तुळशीला पाणी घालताना." ती हसली. "काय नाही झालं."

"गांध केवढी उठली?"

तिनं जरा विचार करून करंगळीच्या नखाचं टोक दाखवलं. मसुरीएवढं.

सरांनी मान हलवली. खिशातून बॉलपेन काढलं, बघितलं आणि पुन्हा खिशात ठेवलं. रस्त्यापलीकडे प्रयोगशाळेची खिडकी उघडी होती. तिच्याकडे ते बराच वेळ बघत राहिले. मग मधाची बाटली पोटाशी धरून रिक्षात बसले, आणि मला म्हणाले, "खिडकी बंद कर गं. तुम्हा लोकांना पुण्याची धूळ लागेल."